कर्णधार सिया कोलिसी आणि गुणवत्तेचा प्रश्न

विषमतेच्या तळातून वर आलेल्या कर्तबगार माणसाचा गौरव करताना आपल्या भाषेत एक ठरलेली उपमा वापरली जाते : चिखलातले कमळ. सत्कारसमारंभांतील भाषणे, गौरवग्रंथ, वर्तमानपत्रांतील परिचयलेख यांत ती हमखास भेटते. बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो, याविषयी शंका नाही. परंतु इतिहासाचा विद्यार्थी म्हणून माझे या उपमेवर दोन आक्षेप आहेत. पहिला असा की, चिखल निसर्गाने केलेला असतो; माणसांच्या वस्त्यांतील दारिद्र्य निसर्गाने केलेले नसते. त्यामागे कायदे असतात, निर्णय असतात, ते निर्णय घेणारी माणसे असतात. कमळाच्या कौतुकात हा सगळा तपशील विसरला जातो. दुसरा आक्षेप असा की, ज्या वस्तीने त्या मुलाला जगवले, ज्या शिक्षकाने त्याला पहिल्यांदा हेरले, त्या सर्वांनाच ही उपमा चिखल ठरवून मोकळी होते.

दक्षिण आफ्रिकेच्या रग्बी संघाचा कर्णधार सिया कोलिसी याची कारकीर्द हे दोन्ही आक्षेप तपासून पाहण्यास अत्यंत उपयुक्त आहे. सलग दोन विश्वचषक जिंकणाऱ्या या खेळाडूची कहाणी जगभर 'शून्यातून शिखराकडे' या थाटात सांगितली गेली. ती तशी सांगता येते, हे खरे. पण तिच्यातून निघणारा निष्कर्ष वेगळा आहे, असे मला वाटते. गुणवत्ता ही कोणाच्या रक्तात दडलेली आणि योग्य वेळी आपोआप प्रकटणारी वस्तू नाही. ती अन्न, मैदान, शाळा, निवारा आणि वेळ यांतून घडते. हे सर्व कोणाला मिळावे, हे समाज ठरवतो.

आपल्या विद्यार्थ्यांना रग्बीचा फारसा परिचय नाही, म्हणून प्रथम खेळाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. रग्बी युनियन या प्रकारात एकेका संघात १५ खेळाडू असतात. चेंडू लंबगोल असतो. तो हातात घेऊन पुढे धावता येते, पायाने पुढे मारता येतो; मात्र हाताने फेकायचा तर मागच्याच बाजूला फेकावा लागतो. प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की 'ट्राय' होतो आणि ५ गुण मिळतात. सामना ८० मिनिटांचा. खेळ अंगमेहनतीचा आणि धडकांचा. पोटभर, सकस अन्नावर वाढलेल्या शरीराशिवाय तो वरच्या पातळीवर खेळताच येत नाही. हा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण पुढील विवेचनात तो पुन्हा येणार आहे. कोलिसी हा या खेळात फ्लँकर म्हणून खेळतो. प्रतिस्पर्ध्याला रोखणे, पडलेल्या खेळाडूंच्या गर्दीत शिरून चेंडू हिसकावणे, पुन्हा उठून धावणे, असे हे अखंड कष्टाचे स्थान आहे.

आता थोडा इतिहास. दक्षिण आफ्रिकेने आपला पहिला आंतरराष्ट्रीय कसोटी सामना १८९१ साली पोर्ट एलिझाबेथ या शहरात ब्रिटिश संघाविरुद्ध खेळला. संघ अर्थातच केवळ गोऱ्यांचा होता. पण म्हणून रग्बी हा केवळ गोऱ्यांचा खेळ होता, असे मात्र नाही. ईस्टर्न केप हा खोसा लोकांचा प्रदेश. तेथील मिशनरी शाळांमधून कृष्णवर्णीय मुले एकोणिसाव्या शतकातच हा खेळ शिकली आणि त्या शतकाच्या अखेरीस त्यांचे स्वतःचे क्लबही उभे राहिले. १८९७ मध्ये गोरेतर खेळाडूंची स्वतंत्र रग्बी संघटना स्थापन झाली. 'काळे फुटबॉल खेळतात, गोरे रग्बी खेळतात' हा समज दक्षिण आफ्रिकेत पुढे इतका रूढ झाला की तो जणू निसर्गनियम वाटू लागला. प्रत्यक्षात तो इतिहास पुसून तयार केलेला समज होता. ज्यांना मैदानाबाहेर ठेवायचे, त्यांना हा खेळ आवडतच नाही असे सांगणे सोयीचे असते.

१९४८ मध्ये नॅशनल पार्टी सत्तेवर आली आणि वर्णभेद हे राज्याचे अधिकृत धोरण झाले. १९५० च्या लोकसंख्या नोंदणी कायद्याने प्रत्येक माणसाची वर्णानुसार नोंद केली. त्याच वर्षीच्या समूह क्षेत्र कायद्याने कोणी कोठे राहायचे ते ठरवले. १९५३ च्या बांटू शिक्षण कायद्याने कृष्णवर्णीय मुलांसाठी मुद्दाम निकृष्ट दर्जाचे शिक्षण योजले. मजुरीपलीकडे त्यांनी काही मागू नये, हा त्यामागचा हिशेब होता. मिशनरी शाळांमधून चालत आलेली रग्बीची परंपरा या शिक्षणधोरणाखाली दबली. मैदाने, प्रशिक्षक, सुसज्ज शाळा हे सर्व गोऱ्यांच्या वस्त्यांत राहिले आणि स्प्रिंगबॉक हे हरणाचे चिन्ह मिरवणारा राष्ट्रीय संघ गोऱ्या सत्तेचे प्रतीक बनला.

या अन्यायाविरुद्ध जगभर लढा झाला. न्यूझीलंडचा संघ दक्षिण आफ्रिकेत जाताना आपल्या माओरी खेळाडूंना घरी ठेवून जात असे. १९६० मध्ये 'माओरी नाहीत तर दौराही नाही' अशी मागणी तेथील जनतेने केली. १९७६ मध्ये न्यूझीलंडच्या संघाने दक्षिण आफ्रिकेचा दौरा केला, म्हणून अनेक आफ्रिकी देशांनी माँट्रियल ऑलिंपिकवर बहिष्कार टाकला. १९८१ मध्ये स्प्रिंगबॉक संघ न्यूझीलंडला गेला, तेव्हा निदर्शक मैदानात घुसल्याने हॅमिल्टन येथील सामना रद्द करावा लागला. असमान समाजात खेळ तेवढा समान असू शकत नाही, ही वर्णभेदविरोधी क्रीडा संघटनांची भूमिका होती. खेळात राजकारण आणू नये, असा उपदेश तेव्हाही होत होता. खेळात राजकारण आधीच आणून ठेवलेल्या लोकांकडूनच तो होत होता.

सिया कोलिसीचा जन्म १६ जून १९९१ रोजी त्याच पोर्ट एलिझाबेथ शहरात झाला, जेथे शंभर वर्षांपूर्वी गोऱ्यांच्या संघाने पहिली कसोटी खेळली होती. १६ जून ही १९७६ च्या सोवेटो येथील विद्यार्थ्यांच्या उठावाची तारीख. आणि त्याच्या जन्माच्या दुसऱ्याच दिवशी, १७ जून १९९१ रोजी, दक्षिण आफ्रिकेच्या संसदेने लोकसंख्या नोंदणी कायदा रद्द केला. इतिहास शिकवताना मी हे उदाहरण विद्यार्थ्यांपुढे ठेवतो आणि विचारतो : कायदा रद्द झाला, मग दुसऱ्या दिवशी त्या बाळाच्या घरात काय बदलले?

उत्तर असे की काहीच बदलले नाही. कायदा एका ठरावाने जातो. कायद्याने घडवलेली वस्ती तशीच राहते. सियाचे घर झ्विडे या वसाहतीत होते. शहराच्या कडेला कृष्णवर्णीयांसाठी आखलेली ही वसाहत. आई-वडील अगदी कोवळ्या वयाचे. मुलाला आजीने वाढवले. घरात अनेकदा खायला काही नसे. भूक मारण्यासाठी आपण साखरपाणी पीत असू, असे त्याने पुढे सांगितले आहे. तो बारा वर्षांचा असताना आजी वारली, पंधरा वर्षांचा असताना आई.

मात्र हीच वसाहत रग्बीची वसाहत होती, हे सांगितल्याशिवाय चित्र पूर्ण होत नाही. वर्णभेदाच्या काळात गोऱ्यांच्या संघटनेला नकार देऊन ज्यांनी वर्णनिरपेक्ष रग्बी जिवंत ठेवली, त्या डॅन केके यांच्या नावाचे मैदान झ्विडेत आहे. तेथे आफ्रिकन बॉम्बर्स हा क्लब होता. तेथे एरिक सोंग्विकी नावाचे शाळामास्तर होते. शाळेत शिकवावे आणि संध्याकाळी पोरांना मैदानावर न्यावे, हा त्यांचा क्रम. त्यांनी या मुलाला हेरले, खेळवले, सामन्यांना नेले. जगाने कोलिसीचे नाव ऐकण्यापूर्वी कितीतरी वर्षे आधी एका प्राथमिक शिक्षकाने त्याच्यात खेळाडू पाहिला होता. झ्विडेला चिखल म्हणणाऱ्याने हे लक्षात घ्यावे. त्या वस्तीत नजर होती, परंपरा होती, जिद्द होती. नव्हते ते अन्न, साधने आणि पुढे जाण्याची वाट.

ती वाट बाराव्या वर्षी उघडली. मॉसेल बे येथे मुलांची स्पर्धा होती. सियाकडे खेळाची चड्डी नव्हती; तो अंतर्वस्त्रावरच मैदानात उतरला. त्याचा खेळ पाहून ग्रे या नामांकित शाळेची शिष्यवृत्ती त्याला मिळाली. १८५६ साली स्थापन झालेली ही शाळा त्याच शहरातली, झ्विडेपासून फार दूर नव्हे. पण सामाजिक अंतर मोजायचे तर दुसऱ्या खंडात असावी इतकी दूर. तेथे त्याला वसतिगृहात जागा मिळाली, दिवसातून तीन वेळचे जेवण मिळाले, पुस्तके मिळाली, हिरवे मैदान आणि प्रशिक्षक मिळाले. इंग्रजी त्याला जवळजवळ येत नव्हते. एका गोऱ्या वर्गमित्राने त्याला इंग्रजी शिकवले आणि त्याने त्या मित्राला खोसा शिकवली. २००७ मध्ये दक्षिण आफ्रिकेने दुसऱ्यांदा विश्वचषक जिंकला, तो अंतिम सामना या मुलाने वस्तीतल्या एका दारूच्या गुत्त्यात पाहिला, कारण घरी टीव्ही नव्हता. शाळेच्या एका बाजूला असे जग आणि दुसऱ्या बाजूला तसे.

पुढचा प्रवास वेगाने झाला. २०११ मध्ये वेस्टर्न प्रॉव्हिन्स, २०१२ मध्ये स्टॉर्मर्स आणि १५ जून २०१३ रोजी, बाविसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, स्कॉटलंडविरुद्ध राष्ट्रीय संघात पदार्पण. सामना सुरू होऊन काही मिनिटांतच एक खेळाडू जखमी झाला म्हणून तो मैदानात आला आणि सामनावीर ठरला. त्यानंतर काही वर्षे त्याला बहुतांशी राखीव खेळाडूंत बसावे लागले. २०१७ मध्ये तो स्टॉर्मर्सचा कर्णधार झाला. २८ मे २०१८ रोजी प्रशिक्षक रॅसी इरॅस्मस यांनी त्याची राष्ट्रीय संघाच्या कर्णधारपदी निवड जाहीर केली. पहिल्या कसोटीनंतर १२७ वर्षांनी कसोटी संघाला पहिला कृष्णवर्णीय कर्णधार लाभला.

हे पद त्याच्या हाती आले, तेव्हा संघ वैभवात नव्हता, ही गोष्ट मुद्दाम नोंदवली पाहिजे. २०१६ मध्ये हा संघ इतिहासात प्रथमच इटलीकडून हरला होता. २०१७ मध्ये न्यूझीलंडने त्याला ५७-० असे धुऊन काढले होते. कोलिसीचा कर्णधार म्हणून पहिला सामना ९ जून २०१८ रोजी जोहान्सबर्गच्या एलिस पार्कवर इंग्लंडशी झाला. सुरुवातीलाच संघ ३-२४ असा मागे पडला. अखेर ४२-३९ असा जिंकला. २ नोव्हेंबर २०१९ रोजी योकोहामा येथे इंग्लंडला ३२-१२ असे हरवून त्यांनी विश्वचषक जिंकला. तो कोलिसीचा पन्नासावा कसोटी सामना. त्याचे वडील आयुष्यात प्रथमच परदेशी जाऊन तो सामना पाहत होते. २०२१ मध्ये ब्रिटिश-आयरिश लायन्सविरुद्धची मालिका २-१ अशी जिंकली. एप्रिल २०२३ मध्ये त्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. ऑगस्टमध्ये तो पुन्हा मैदानात होता. २८ ऑक्टोबर २०२३ रोजी पॅरिसमध्ये न्यूझीलंडचा १२-११ असा पराभव करून दक्षिण आफ्रिका चौथ्यांदा विश्वविजेती झाली. उपांत्यपूर्व, उपांत्य आणि अंतिम असे तिन्ही सामने त्यांनी एकेका गुणाने जिंकले. सलग दोन विश्वचषक उंचावणारा न्यूझीलंडच्या रिची मकॉ याच्यानंतरचा तो दुसराच कर्णधार.

येथपर्यंतची कहाणी कोणत्याही भाषणात शोभेल. परंतु तिच्या शेजारी दुसरी एक कहाणी ठेवल्याशिवाय तिचा अर्थ लागत नाही. ती माकाझोले मापिम्पी याची. तो कोलिसीपेक्षा जेमतेम वर्षाने मोठा. त्याच ईस्टर्न केपचा, खोसाच. ईस्ट लंडन शहराजवळच्या ग्रामीण भागात वाढलेला. त्याच्याही घरातली माणसे एकामागून एक गेली. २०१९ च्या स्पर्धेच्या वेळी खेळाडूंच्या जर्सीवरील क्रमांकात त्यांच्या जिवलगांची छायाचित्रे छापण्याची कल्पना निघाली, तेव्हा मापिम्पीने स्वतःचेच छायाचित्र दिले, कारण देण्यासारखे दुसरे कोणी उरले नव्हते. हा प्रसंग प्रशिक्षक इरॅस्मस यांनीच सांगितला आहे. मापिम्पीला कोणत्या नामांकित शाळेची शिष्यवृत्ती मिळाली नाही. तो गावाकडच्याच शाळेत शिकला, छोट्या प्रांतिक संघांतून धडपडत वर आला आणि जून २०१८ मध्ये राष्ट्रीय संघात पोहोचला. तेव्हा तो २८ वर्षांचा होत आला होता.

एकाच मातीतली दोन मुले. एक बाविसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर राष्ट्रीय संघात, दुसरा अठ्ठाविसाव्या. दोघांच्या कौशल्यात सहा वर्षांचे अंतर होते काय? मुळीच नाही. योकोहामाच्या अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेचा पहिला ट्राय या मापिम्पीनेच केला. आधीचे दोन विश्वचषक जिंकताना अंतिम सामन्यात त्यांच्या एकाही खेळाडूला ट्राय करता आला नव्हता. मधली सहा वर्षे वाया गेली, ती वसतिगृह, आहार आणि प्रशिक्षण यांच्या अभावी. आणि मापिम्पी निदान पोहोचला. जे पोहोचलेच नाहीत, त्यांची नावे कोठल्याही ग्रंथात सापडणार नाहीत. गुणवत्तेच्या गप्पा मारणाऱ्यांनी या न सापडणाऱ्या नावांचा हिशेब कधी मांडलेला नाही.

येथे आपण वादाच्या मुद्द्यावर येतो. दक्षिण आफ्रिकेत रग्बी संघटनेने २०१५ मध्ये परिवर्तनाचा आराखडा स्वीकारला आणि २०१९ पर्यंत संघात निम्मे खेळाडू कृष्णवर्णीय असावेत, असे उद्दिष्ट ठेवले. २०१६ मध्ये अशी उद्दिष्टे न गाठल्याबद्दल तेथील क्रीडामंत्र्यांनी रग्बीसह काही खेळांच्या संघटनांना मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांचे यजमानपद मागण्यास वर्षभर मनाई केली. या 'कोट्या'वर अपेक्षेप्रमाणे टीका झाली. दर्जा घसरेल, संघ दुबळा होईल, रंग पाहून निवड होईल, ही सारी वाक्ये आपल्याही कानांना ओळखीची आहेत.

आश्चर्य असे की २०१९ च्या आरंभी खुद्द कोलिसीने एका जपानी वृत्तसंस्थेला दिलेल्या मुलाखतीत कोट्याविषयी नापसंती दाखवली. मंडेला यांनी त्याला पाठिंबा दिला नसता, असे त्याने म्हटले. केवळ रंगामुळे आपली निवड व्हावी हे आपल्याला आवडणार नाही, असेही तो म्हणाला. मायदेशी त्याच्यावर टीका झाली, आणि ज्यांना कोटा नकोच होता त्यांना आनंद झाला. पण आनंद झालेल्यांनी मुलाखत पूर्ण वाचली नसावी. त्याच मुलाखतीत तो पुढे म्हणाला होता की परिवर्तन वरून नव्हे, तर वस्त्यांतून सुरू झाले पाहिजे; आपण त्या इंग्रजी शाळेत गेलो नसतो, तर आपल्याला नीट खायला मिळाले नसते, शरीर नीट वाढले नसते आणि इतर मुलांसारखी तयारीही झाली नसती.

मला हे विधान त्याच्या सर्व विजयांइतकेच मोलाचे वाटते. विश्वविजेता होऊ घातलेला कर्णधार आपल्या यशाचे श्रेय रक्ताला, दैवाला किंवा केवळ जिद्दीला देत नाही. तो जेवणाकडे बोट दाखवतो. रग्बीत ज्याला नैसर्गिक ताकद म्हणतात, ती कोणाच्या तरी स्वयंपाकघरात तयार होते. गोऱ्या मुलाच्या बाबतीत ते स्वयंपाकघर घरातच असते, म्हणून ते कोणाला दिसत नाही. सियाच्या बाबतीत ते वसतिगृहाचे होते, म्हणून ते 'मदत' म्हणून नोंदले गेले.

मात्र कोलिसीच्या मताचा पूर्ण आदर राखून मला त्याच्या एका निष्कर्षाशी मतभेद नोंदवावासा वाटतो. सुरुवात मुळापासून व्हावी, हे शंभर टक्के मान्य. परंतु वरच्या पातळीवर दबाव नसेल तर मुळाशी पाणी घालायला कोण जातो? आकडे पाहू. १९९५ मध्ये नेल्सन मंडेला यांनी कर्णधार फ्रांस्वा पीनारचा ६ क्रमांकाचा पोशाख अंगात घालून विश्वचषक त्याच्या हाती दिला. तो क्षण ऐतिहासिक होता, यात वाद नाही. त्या दिवशी १५ जणांत चेस्टर विल्यम्स हा एकच गोरेतर खेळाडू होता. बारा वर्षांनी, २००७ च्या अंतिम सामन्यात ब्रायन हबाना आणि जे. पी. पीटरसन असे दोन होते. सद्भावनेच्या बारा वर्षांचे फलित एकाचे दोन. २०१९ च्या अंतिम सामन्यात सुरुवातीच्या १५ जणांत सहा होते. या वाढीमागे उद्दिष्टांचा आणि जाहीर हिशेब मागणाऱ्या जनमताचा वाटा नाही, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. आणि दर्जा? त्या संघाने अंतिम सामना वीस गुणांनी जिंकला.

आकड्यांइतकीच स्थानेही बोलकी आहेत. विल्यम्स, हबाना, पीटरसन हे तिघेही विंगर. विंगर म्हणजे मैदानाच्या कडेला उभा राहून मिळालेला चेंडू घेऊन वेगाने पळणारा खेळाडू. तिघेही असामान्य होते. पण गोरेतरांना आधी कडेची जागा मिळते, जेथे 'नैसर्गिक वेग' लागतो असे मानले जाते; मधली जागा, जेथे निर्णय घ्यायचे असतात, ती शेवटी मिळते. २०१९ मध्ये मापिम्पी आणि कोल्बी कडेला होते, परंतु म्टावारिरा आणि म्बोनाम्बी स्क्रमच्या पहिल्या फळीत होते, लुखान्यो ॲम मध्यभागी होता आणि कर्णधार कोलिसी होता. रग्बीत पंचांशी बोलण्याचा अधिकार कर्णधाराला असतो. दंड मिळाल्यावर गोलखांबांकडे चेंडू मारून तीन गुण घ्यायचे की ट्रायसाठी धोका पत्करायचा, हे तोच ठरवतो. म्हणून कर्णधारपद हा केवळ मान नाही. संघाच्या वतीने निर्णय घेण्याचा तो अधिकार आहे.

आपल्या इतिहासात या प्रश्नाचे एक रूप दिसते. पुण्यातील जिमखान्याच्या मैदानाची देखभाल करता करता गोऱ्या साहेबांना गोलंदाजी टाकणारे पळवणकर बाळू पुढे हिंदूंच्या क्रिकेट संघाचे सर्वश्रेष्ठ गोलंदाज झाले. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. तरीही चहा त्यांना तंबूबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात दिला जाई, आणि कर्णधारपद त्यांना अखेरपर्यंत मिळाले नाही. त्यांचे बंधू विठ्ठल यांना ते १९२३ मध्ये मिळाले. हात चालतात, पण हुकूम चालत नाही, हा नियम जातीने आणि वर्णाने सारखाच पाळला.

आता कोणी म्हणेल की कोलिसी कर्णधार झाला, म्हणजे प्रश्न सुटला. असे म्हणणे घाईचे होईल. एका शिष्यवृत्तीने एक मुलगा झ्विडेतून ग्रे शाळेत गेला. झ्विडेतील शाळेला मात्र ग्रे शाळेसारखे मैदान, वसतिगृह वा भोजनगृह मिळाले नाही. आजही राष्ट्रीय संघातील खेळाडूंचा मोठा वाटा मोजक्या संपन्न शाळांतून येतो. कृष्णवर्णीय मुलाने त्या शाळेपर्यंत पोहोचावे, ही सोय झाली. त्या शाळेतली साधने त्याच्या वस्तीपर्यंत पोहोचावीत, हे काम बाकी आहे. कोलिसीला याची जाण असावी. २०२० मध्ये महामारीच्या काळात त्याने पत्नीसह एक प्रतिष्ठान सुरू केले, तेव्हा त्याच्या पहिल्या कामांत गरजू कुटुंबांना अन्न पोहोचवणे हे होते. ज्याने साखरपाण्यावर दिवस काढले, त्याला पहिली गरज कोणती हे वेगळे सांगावे लागत नाही. तरीही एका खेळाडूच्या प्रतिष्ठानाने राज्याचे कर्तव्य पार पाडावे, ही अपेक्षा चुकीची ठरेल.

ही स्मरणिका एका निवासी शाळेची आहे, म्हणून शेवटी शिक्षकांना आणि संस्थाचालकांना उद्देशून दोन शब्द लिहितो. वसतिगृहाला आपल्याकडे पुष्कळदा परोपकाराचे काम समजतात. भोजनगृहाच्या खर्चाची चर्चा निघाली की ती काटकसरीची चर्चा असते. ग्रंथालय, मैदान आणि ताटातले दूध हे वाढीव खर्च मानले जातात. कोलिसी आणि मापिम्पी यांच्या पदार्पणाच्या वयांतील सहा वर्षांचे अंतर हे त्या खर्चाचे खरे मोल आहे. गावाकडून आलेल्या मुलाला आपण काय देतो, यावर तो बाविसाव्या वर्षी पोहोचेल, अठ्ठाविसाव्या वर्षी पोहोचेल, की पोहोचणारच नाही, हे ठरते. आपण जे देतो ते दान नव्हे. दुसऱ्या मुलाला जे जन्मतः मिळाले आणि याला नाकारले गेले, त्याची ती भरपाई आहे.

विद्यार्थ्यांनी कोलिसीची कहाणी अवश्य वाचावी आणि त्याच्या कष्टांपासून स्फूर्तीही घ्यावी. कष्टांना पर्याय नाही. ज्याला संधी मिळाली आणि ज्याने ती वाया घालवली, अशांची नावेही कोठे उरत नाहीत. पण वाचताना त्याच्या वर्गात, त्याच्या गल्लीत, त्याच्याबरोबर अनवाणी खेळणारी बाकीची मुले कोठे गेली, हा प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी. तुमच्यापैकी कोणी उद्या मोठ्या पदावर पोहोचेल, तेव्हा तुमचाही सत्कार होईल आणि कोणीतरी तुम्हाला चिखलातले कमळ म्हणेल. त्या वेळी नम्रपणे उभे राहून आपल्या वस्तीचे, आपल्या शिक्षकांचे आणि ज्या ताटात जेवून आपण वाढलो त्या वसतिगृहाचे नाव सांगा, आणि ती सोय अजून किती मुलांना मिळालेली नाही, हेही त्याच व्यासपीठावरून सांगा.